अकरा विजय आणि दोन पराभव

लोकप्रतिनिधीच्या कारकिर्दीचे मोजमाप करण्याची आपल्याकडची रूढ पद्धत अंकगणिताची आहे. तो किती वेळा निवडून आला, किती मताधिक्याने आला, किती वर्षे मंत्रिपदावर होता, एवढे सांगितले की त्याचे चरित्र पुरे झाले असे मानले जाते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे दीर्घकाळचे आमदार गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले, तेव्हाही त्यांच्याविषयीच्या लेखनात अकरा हा आकडाच अग्रभागी होता. एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाच्या वतीने ११ वेळा विधानसभेवर निवडून जाण्याचा असा मान महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला लाभलेला नाही. तथापि विक्रमाच्याच भाषेत बोलायचे, तर केरळातील पाला मतदारसंघाने के. एम. मणी यांना याहून अधिक वेळा निवडून दिले आणि तामिळनाडूत एम. करुणानिधी १३ वेळा विधानसभेत गेले. तेव्हा केवळ आकड्यावर विसंबले तर देशमुखांच्या कारकिर्दीचे मर्म हाती लागत नाही. ते शोधायचे असेल तर त्यांनी जिंकलेल्या ११ निवडणुकांबरोबरच त्यांनी गमावलेल्या दोन निवडणुकांकडेही पाहिले पाहिजे.

ओहोटीच्या काळातील प्रवेश

देशमुख १९६२ मध्ये प्रथम विधानसभेत आले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. काँग्रेसमध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नाला न्याय मिळत नाही या भावनेतून १९४७-४८ च्या सुमारास शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला आणि बहुजन समाजातील एक कर्तबगार पिढी त्याच्याभोवती गोळा झाली. परंतु ज्यांनी हा पक्ष काढला त्यांनाच तो फार काळ धरून ठेवता आला नाही. केशवराव जेधे काँग्रेसमध्ये परतले. शंकरराव मोरे यांनीही पुढे तीच वाट धरली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पक्षाला जे बळ मिळाले होते, ते राज्यस्थापनेनंतर ओसरू लागले आणि यशवंतराव चव्हाणांच्या 'बेरजेच्या राजकारणा'त शेकापची एकेक माणसे जमा होऊ लागली. यशवंतराव मोहित्यांसारखा अभ्यासू नेताही त्या बेरजेत सामील झाला. त्या बेरजेला केवळ प्रलोभन म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. सत्तेत राहून ग्रामीण भागाचे अधिक भले करता येईल, असे या मंडळींतील अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते आणि सहकाराच्या रूपाने त्यांनी काही घडवूनही दाखवले.

नेमक्या त्या वेळी मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे जन्मलेला, धनगर समाजातून आलेला एक तरुण वकील लाल बावटा घेऊन सांगोल्यात उभा राहिला आणि निवडून आला. त्यानंतर ५७ वर्षांनी, २०१९ मध्ये, वयपरत्वे त्याने निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती घेतली तेव्हाही त्याच्या खांद्यावर तोच बावटा होता. या मधल्या काळात १९६७ मध्ये विधानसभेत १९ जागा मिळवणारा त्याचा पक्ष २०१४ मध्ये तीन जागांवर आला होता. पक्ष वाढत असताना त्यात टिकून राहणे अवघड नसते. तो आकसत चालला असताना आणि आपले वैयक्तिक वजन मात्र वाढत असताना टिकून राहणे ही वेगळ्या प्रकारची कसोटी आहे. देशमुखांना सत्ताधारी पक्षात सन्मानाचे स्थान मिळणे अशक्य होते असे कोणी म्हणू शकणार नाही. ते गेले नाहीत, एवढेच खरे.

विरोधी बाकांवरचे काम

आमदाराच्या कामाविषयी आपल्या समाजात एक गैरसमज रूढ झाला आहे. आमदाराने रस्ता आणावा, समाजमंदिर बांधावे, बदली करून द्यावी किंवा रद्द करून द्यावी, अशी अपेक्षा असते. महाराष्ट्रात १९८४-८५ पासून आमदारांच्या शिफारशीने स्थानिक कामे करण्याची योजना सुरू झाली. २०२२ मध्ये तिची रक्कम प्रत्येक आमदारामागे वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंत गेली. या निधीमुळे आमदार हा एक छोटा कंत्राटवाटप अधिकारी बनला आणि कायदा करणे, खर्चावर नजर ठेवणे, सरकारला उत्तर देण्यास भाग पाडणे हे त्याचे मूळ काम मागे पडले. देशमुखांची ख्याती या मूळ कामाची होती. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना ही विधिमंडळाची आयुधे कोरडी वाटतात. पण ज्याच्यामागे बहुमत नाही अशा सभासदाच्या हाती दुसरे काही नसते. अल्पसंख्य पक्षाचा आमदार सरकार पाडू शकत नाही. मंत्र्याला उत्तरे तयार करून सभागृहात यायला मात्र तो लावू शकतो.

या कामाचे फळ किती मोठे असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच घालून दिले आहे. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या मनात मागेल त्याला काम देण्याची कल्पना साठीच्या दशकात रुजली आणि तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात तिचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना विस्तारली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप देणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केले. २६ जानेवारी १९७९ पासून हा कायदा अमलात आला. केंद्राने राष्ट्रीय पातळीवर असा कायदा केला तो २००५ मध्ये, म्हणजे त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने.

देशमुख १९७७-७८ मध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते आणि जुलै १९७८ मध्ये शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले तेव्हा एन. डी. पाटील यांच्याबरोबर शेकापच्या वतीने मंत्रिमंडळात गेले. म्हणजे रोजगार हमीचा कायदा घडण्याच्या आणि अमलात येण्याच्या काळात ते प्रथम सभागृहाच्या एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला होते. या कायद्याचे श्रेय कोणा एका व्यक्तीला वा पक्षाला देता येणार नाही. पागे काँग्रेसचे होते. त्यासाठी सभागृहात आणि रस्त्यावर आवाज उठवणाऱ्यांत डाव्या विरोधी पक्षांचा मोठा वाटा होता. दुष्काळी भागातील प्रतिनिधी आपला प्रश्न पक्षभेदापलीकडे नेऊन कायद्याच्या भाषेत मांडू शकले, हे त्यातील खरे महत्त्वाचे.

माणदेशाचे पाणी

सांगोला हा माणदेशाचा भाग. माण नदी या तालुक्यातून वाहते, असे भूगोलाच्या पुस्तकात म्हणतात. वर्षातील बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. याच माणदेशाच्या मेंढपाळ वस्तीचे चित्र व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त रेखाटले आहे आणि दुष्काळ आला की गाव कसे रिकामे होते, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. अशा प्रदेशाच्या प्रतिनिधीचे राजकारण अखेर पाण्यापाशीच येऊन थांबते.

कृष्णा खोऱ्यातील पाण्याच्या वाटपात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, असेही सांगितले. तोपर्यंत आपल्या वाट्याचे पाणी अडवणे राज्याला भाग होते. पण अडवलेले पाणी कोणाला द्यायचे, हा प्रश्न त्याहून बिकट होता. नदीकाठच्या उसाला ते सहज मिळत होते. घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या तालुक्यांना ते उचलून द्यावे लागणार होते आणि त्याला प्रचंड खर्च होता. १९९३ मध्ये आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. पत्री सरकारच्या लढ्यातील नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही मंडळी या चळवळीच्या अग्रभागी होती. पाणी हे ज्याच्या शेताजवळून वाहते त्याच्या एकट्याचे नाही, दुष्काळी भागातील प्रत्येक कुटुंबाचा त्यावर न्याय्य वाटा आहे, ही भूमिका तिथून पुढे वर्षानुवर्षे मांडली गेली. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेला त्याच सुमारास मंजुरी मिळाली आणि तिच्या लाभक्षेत्रात सांगोल्याचा समावेश झाला. म्हैसाळ योजनेतही या तालुक्याचा वाटा आहे.

या योजना मंजूर होणे आणि शेताच्या बांधापर्यंत पाणी पोहोचणे यांत दोन दशकांहून अधिक अंतर पडले. निधी थांबला, कालवे अर्धवट राहिले, पंप बसले तर विजेच्या बिलांचा प्रश्न उभा राहिला. मधल्या काळात सांगोल्याच्या शेतकऱ्याने स्वतःची वाट शोधली. १९९० मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने या तालुक्याचे रूप पालटले. अजनाळ्यासारखी गावे शेततळ्यांसाठी आणि डाळिंबासाठी ओळखली जाऊ लागली. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कायद्याने दुष्काळात खडी फोडण्याचे काम दिले, त्याच कायद्याच्या आधाराने पुढे बागा उभ्या राहिल्या. कायदेमंडळातील चर्चा आणि शेतातील झाड यांचा संबंध किती जवळचा असू शकतो, हे दाखवायला सांगोल्याइतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल. तालुक्यातील शेतकरी सहकारी सूतगिरणी ही देशमुखांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली संस्था. राज्यातील अनेक सूतगिरण्या आजारी पडून बंद होत असताना ती चालू राहिली, हीदेखील साधी गोष्ट नाही.

दोन पराभव

आता त्या दोन पराभवांकडे वळायला हरकत नाही. १९७२ मध्ये सांगोल्याने देशमुखांना घरी बसवले. बांगलादेश युद्धानंतरच्या त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेपुढे राज्यात विरोधी पक्ष जवळजवळ वाहून गेले होते आणि शेकाप सात जागांवर आला होता. देशमुख १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. दुसरा पराभव १९९५ चा. त्या वेळी काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते अवघ्या १९२ मतांनी हरले आणि १९९९ मध्ये पुन्हा विजयी झाले. दोन्ही वेळा त्यांनी मतदारसंघ बदलला नाही, पक्ष बदलला नाही, विधान परिषदेची मागची वाट धरली नाही. ज्या दारातून मतदारांनी त्यांना बाहेर काढले, त्याच दारावर जाऊन त्यांनी पुन्हा थाप मारली.

लोकशाहीत या गोष्टीला फार अर्थ आहे. मतदाराच्या हाती शिक्षेचा एकच अधिकार असतो आणि तो पाच वर्षांतून एकदा वापरता येतो. तो वापरता येण्यासाठी शिक्षा ज्याला करायची तो माणूस जागेवर सापडावा लागतो. पक्ष बदलणारा आमदार आपल्या आदल्या पक्षाच्या पापांची जबाबदारी मागे टाकून येतो. मतदाराने कोणत्या कामाचा जाब कोणाला विचारायचा हेच त्याला कळेनासे होते. देशमुखांना १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये हरवता आले, कारण ते एकाच ठिकाणी उभे होते. आणि ज्याला हरवता येते, त्याला निवडून देण्यालाही अर्थ असतो. अकरा विजयांना वजन आले ते या दोन पराभवांमुळे.

त्यांच्या साधेपणाच्या कथा महाराष्ट्रात फार सांगितल्या गेल्या. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार हे त्यांचे लोकप्रिय चित्र. त्यात तथ्य आहे. पण साधेपणाचे कौतुक करणे समाजाला स्वस्तात पडते. साध्या राहणीचा आमदार निष्क्रिय असू शकतो. साधेपणाचे मोल एवढ्यासाठीच की, ज्याच्या गरजा थोड्या त्याला विकत घेणे अवघड जाते आणि ज्याला विकत घेता येत नाही तो सभागृहात मोकळेपणाने प्रश्न विचारू शकतो. राहणी हे त्या स्वातंत्र्याचे साधन होते.

दुसरी बाजू

देशमुखांच्या कारकिर्दीला दुसरी बाजू नाही असे नव्हे. अर्धशतकाच्या आसपास एकच माणूस तालुक्याचा प्रतिनिधी असूनही सांगोल्याला पाण्यासाठी इतकी वर्षे का थांबावे लागले, असा प्रश्न त्यांचे विरोधक विचारीत आणि तो अप्रस्तुत नव्हता. सत्तेबाहेर राहण्याची किंमत नेता एकटा देत नाही; त्याचा मतदारसंघही देतो. १९९९ मध्ये ते विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात पुन्हा मंत्री झाले. पण २००२ मध्ये शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि ती संधीही अल्पजीवी ठरली. शिवाय स्वतःच्या तालुक्यात अढळ राहिलेल्या या नेत्याला आपला पक्ष राज्यात सावरता आला नाही. रायगड, सांगोला, मराठवाड्यातील काही पट्टे अशी बेटे उरली आणि त्यांना जोडणारे पाणी आटत गेले. नवी माणसे घडवण्यातही पक्ष कमी पडला.

याचा प्रत्यय २०१९ मध्ये आला. वयाच्या ८८ व्या वर्षी, २०१४ मध्ये, २५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आलेल्या देशमुखांनी निवृत्ती घेतली तेव्हा पक्षाला त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांनाच उभे करावे लागले आणि ते ७६८ मतांनी हरले. घराणेशाहीवर आजवर टीका करीत आलेल्या पक्षालाही घरातच वारस शोधावा लागावा, ही गोष्ट कोणाच्या वैयक्तिक दोषाची नाही. पण ती सुचिन्हही नाही. विजयी झाले ते १९९५ चेच प्रतिस्पर्धी शहाजीबापू पाटील, या वेळी शिवसेनेच्या वतीने. चोवीस वर्षे एकाच मतदारसंघात चिकाटीने लढत राहिलेल्या या नेत्याचे ते यश नाकारण्याचे कारण नाही. परंतु जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि आमदारांचा गट गुवाहाटीच्या हॉटेलात जाऊन राहिला, तेव्हा तिथल्या झाडी-डोंगरांचे त्यांनी केलेले वर्णन घरोघर पोहोचले आणि सांगोल्याचे नाव देशभर झाले. ज्या तालुक्याचा आमदार पन्नास वर्षे एका बावट्याखाली उभा होता, त्याच तालुक्याची नवी ओळख पक्षफुटीच्या एका विनोदी प्रसंगातून व्हावी, यातील उपहास कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखा नव्हता. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आणि २००३ मधील त्याच्या दुरुस्तीने जे साधले नाही, ते एका माणसाच्या मनाच्या घडणीने साधले होते. पण मनाची घडण कायद्याने वारसाहक्कात देता येत नाही.

२०२४ च्या निवडणुकीत सांगोल्याने शेकापचे बाबासाहेब देशमुख यांना निवडून दिले. तेही गणपतरावांचे नातू. २८८ जणांच्या विधानसभेत त्या पक्षाची ही एकमेव जागा. तिचा अर्थ दोन प्रकारे लावता येईल. आजोबांच्या पुण्याईची ती अखेरची पावती आहे असे कोणी म्हणेल. आपला प्रतिनिधी कुठे उभा आहे हे आपल्याला ठाऊक असावे, या मतदारांच्या जुन्या सवयीची ती खूण आहे असेही म्हणता येईल. यांतील कोणता अर्थ खरा, हे नव्या आमदाराच्या सभागृहातील कामावरून ठरेल. निवडणुकीच्या आकड्यावरून ते कळणार नाही.

सांगोल्याच्या मतदारांपुरते बोलायचे तर त्यांनी आपले काम चोख केले आहे. त्यांनी एका माणसाला अकरा वेळा मुंबईला पाठवले, दोनदा घरी बसवले आणि दोन्ही वेळा त्याला त्याच पत्त्यावर परत सापडलेले पाहिले. राज्यातील इतर मतदारांना आपल्या आमदाराच्या बाबतीत एवढी खात्री किती काळ बाळगता येईल, हा प्रश्न गणपतराव देशमुखांच्या कारकिर्दीने महाराष्ट्रापुढे ठेवला आहे. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलींत विक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले. या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक पक्षाच्या उमेदवारयादीतूनच द्यावे लागणार आहे.